मंडळीत समुपदेशन आणि शिष्यत्व शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पवित्र शास्त्रावर (बायबलवर) आधारलेले समुपदेशन आणि शिष्यत्व शिकवणारा वर्ग चालतो. नाव नोंदवण्याआधी लोक जे विचारतात आणि वर्गात बसायला लागल्यावर जे विचारतात, ते सारे इथे एकत्र केले आहे. दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या पंथाच्या मंडळीतही हे प्रश्न थोड्याफार फरकाने हेच असतात.

समुपदेशन हे पाळकसाहेबांचे काम. आम्ही साध्या सभासदांनी ते का शिकायचे?

कारण ते तुम्ही आजही करताच. रात्री अकराला नवरा-बायकोचे भांडण विकोपाला गेले की दार वाजते ते शेजारच्या मावशींचे. मुलगा नापास झाला, जमिनीवरून भावाभावांत बोलणे बंद झाले, पोरीचे लग्न मोडले, की आधी फोन जातो तो मैत्रिणीला किंवा तरुण संघातल्या दादाला. पाळकसाहेबांपर्यंत गोष्ट पोहोचते तेव्हा ती बरीच पुढे गेलेली असते. शिवाय ग्रामीण भागात एकेका पाळकाकडे तीन-चार गावे असतात, ते कुठेकुठे पुरणार?

प्रेषित पौलाने रोमकरांस पत्र १५:१४ मध्ये लिहिले की तुम्ही एकमेकांना बोध करायला समर्थ आहात. हे त्याने साऱ्या मंडळीला उद्देशून लिहिले, आणि त्या मंडळीला त्याने तोवर भेटही दिली नव्हती. प्रेषितांची कृत्ये १८ मधली प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला तंबू शिवून पोट भरणारी माणसे. अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याची समज अपुरी आहे हे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनी त्याला चारचौघांत खोडून काढले नाही. बाजूला घेतले आणि देवाचा मार्ग नीट समजावला. आम्ही शिकवतो ते काम जवळपास एवढेच आहे.

शिष्यत्व आणि समुपदेशन यांत फरक काय?

दोन्ही एकाच कामाची अंगे आहेत. शिष्यत्व रोजचे असते, सोबत वाचणे, प्रार्थना करणे, एकमेकांच्या घरी जाणे. त्याच माणसावर प्रसंग आला, तो एखाद्या पापात अडकला किंवा दुःखाने खचला, की त्या सोबतीला अधिक वेळ आणि अधिक काळजी लागते. तिला आपण समुपदेशन म्हणतो. आधी सोबत असेल तर पुढचे सोपे जाते. ज्याच्या घरी आपण कधी चहा घेतला नाही, त्याने संकटात आपल्यापाशी मन मोकळे करावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

वर्गात नक्की काय करतात?

पहिला तास शास्त्राचा. सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून, आठवड्याला एक अध्याय. सोळा अध्याय म्हणजे साधारण चार महिने. प्रत्येक अध्यायाला तीनच प्रश्न विचारतो. येशू इथे कोणाशी कसा वागला? माणसाच्या मनाबद्दल इथे काय दिसते? या आठवड्यात मला काय करायचे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठोस लागते. ‘अधिक प्रेम करीन’ असे उत्तर आले तर आम्ही विचारतो, कोणावर, आणि कोणत्या दिवशी?

दुसरा तास सरावाचा. तिघांचा एक गट. एक जण आपली खरी पण पेलवेल अशी अडचण सांगतो, दुसरा ऐकतो, तिसरा वही घेऊन बसतो. ऐकणाऱ्याने पहिली वीस मिनिटे एकही वचन सांगायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, स्वतःची साक्षही, म्हणजे आपल्याला देवाचा अनुभव कसा आला तेही, सांगायची नाही. फक्त विचारायचे. तिसरा त्याचे प्रश्न जसेच्या तसे लिहून घेतो आणि शेवटी वाचून दाखवतो. तेव्हा लक्षात येते की ‘तुला नाही का वाटत आपण क्षमा करायला हवी?’ हा प्रश्नच नव्हता, तो सल्ला होता. ‘त्या दिवशी सासूबाई बोलल्या, तेव्हा तू पुढे काय केलंस?’ हा प्रश्न. वर्षानुवर्षे प्रार्थना सभा चालवणाऱ्या माणसांनाही ही वीस मिनिटे फार जड जातात. नीतिसूत्रे १८:१३ मध्ये, ऐकून घेण्याआधी उत्तर देणाऱ्याच्या पदरी मूर्खपणा आणि लाज येते असे म्हटले आहे, ते वचन सगळ्यांना पाठ असते. ते अंगवळणी पडायला ही वही लागते.

हे जमू लागले की शिकणारा मंडळीच्या एखाद्या अनुभवी वडिलांच्या (मंडळीची जबाबदारी वाहणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही वडील म्हणतो) किंवा पाळकीणबाईंच्या शेजारी, खऱ्या भेटीत, समोरच्याच्या संमतीने बसतो. महिनोन् महिने नुसता बसतो. आमच्या मते खरे शिक्षण तिथेच होते. येशूने बारा जणांना निवडले तेव्हा मार्क ३:१४ मध्ये पहिले कारण दिले आहे, त्यांनी त्याच्याबरोबर असावे.

दुःखात असलेल्याला कोणते वचन द्यावे? एखादी यादी मिळेल का?

यादी आम्ही मुद्दाम देत नाही. ज्या घरातून नुकतीच तिरडी उठली आहे तिथे जाऊन ‘देव सर्व गोष्टी कल्याणासाठी करतो’ असे म्हणणारा खोटे बोलत नसतो, तरीही त्या आईला ते दगडासारखे लागते. ईयोबाने मुले आणि सारे काही गमावले तेव्हा त्याचे मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. तोंड उघडल्यावर त्यांनी बिघडवले.

पहिल्या भेटीत स्वयंपाकघरात हात लावा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाहा, कागदपत्रे आणि दफनभूमीची धावपळ अंगावर घ्या. पुढे काही दिवसांनी, तो माणूस स्वतः बोलू लागला की, स्तोत्र १३ सोबत वाचा. सहाच वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला पुन्हा पुन्हा ‘कोठवर?’ असे विचारतो, आणि पवित्र शास्त्राने तो प्रश्न गाळलेला नाही, छापून ठेवला आहे. पुष्कळांना हे पहिल्यांदाच कळते की देवापाशी असे बोलता येते. त्यांना सांगा, तुमचे स्वतःचे ‘कोठवर’ वहीत लिहा, देवाला उद्देशून. पाचव्या वचनातला भरवसा लगेच लिहिता आला नाही तरी हरकत नाही. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, आणि तेही देवाचेच वचन आहे.

ही पद्धत अमेरिकेतून आलेली आहे ना?

‘बायबलवर आधारलेले समुपदेशन’ या नावाची आजची चळवळ तिथली, हे खरे आहे. जे अॅडम्स या प्रेस्बिटेरियन पाळकाने १९७० साली लिहिलेल्या पुस्तकापासून तिने जोर धरला. त्याचे म्हणणे असे की माणसांच्या मनाची काळजी मंडळीने मानसोपचाराच्या हवाली करून टाकली आहे, ती परत घ्यावी. त्याचा भर पापाला समोरासमोर सामोरे जाण्यावर होता. पुढच्या पिढीने, विशेषतः डेव्हिड पाउलिसन यांनी, दुःख भोगणाऱ्याकडे आणि त्याच्या मनातल्या इच्छा-भीतींकडे अधिक लक्ष वेधले.

आमचा कल या दुसऱ्या बाजूला आहे. आपल्या समाजात लाज आधीच खूप असते. चार लोक काय म्हणतील या धाकाने माणूस अर्धा मेलेला असतो, त्याच्यावर पहिल्याच भेटीत पापाचे बोट रोखले तर तो पुन्हा येत नाही. पौलाने १ थेस्सलनीकाकरांस ५:१४ मध्ये माणसे वेगवेगळी ओळखायला सांगितले आहे. बेशिस्त वागणाऱ्याला ताकीद, धीर सुटलेल्याला धीर, अशक्ताला आधार, आणि सहनशीलता सगळ्यांशी. अशक्ताला ताकीद दिली की नुकसान होते. समोर कोण बसले आहे हे ऐकल्याशिवाय कळत नाही, म्हणून तर ती वीस मिनिटे.

मला नीट वाचता येत नाही. मी शिकू शकते का?

हो. ध्वनिमुद्रित मराठी पवित्र शास्त्र मोबाइलवर फुकट मिळते, आठवड्याचा अध्याय रोज एकदा ऐकून या. वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्या आजीबाईंना गोष्ट जास्त तपशिलात आठवते, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

सांगितलेली गोष्ट बाहेर जाणार नाही याची खात्री काय?

रास्त भीती आहे. आपल्या मंडळ्या लहान आणि सगळे एकमेकांचे सोयरे. त्यातून गोष्ट फुटते ती बहुधा प्रार्थनेच्या वाटेने. ‘अमक्या ताईंच्या घरासाठी प्रार्थना करा, फार अडचण आहे’ एवढा एक निरोप व्हॉट्सअॅप गटावर पडला की संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला अडचण काय ते माहीत होते. म्हणून वर्गाचा नियम कडक आहे. त्या व्यक्तीने स्वतः सांगितल्याशिवाय तिचे नाव कोणत्याही प्रार्थना सभेत घ्यायचे नाही. नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायचे नाही. उपदेशात उदाहरण म्हणून तर कधीच नाही, नाव बदलूनही नाही, कारण लहान गावात नाव बदलून काही लपत नाही. हा नियम मोडणाऱ्याला आम्ही समुपदेशनातून बाजूला करतो.

पण ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका. जिवाला धोका असेल तर मदत बोलवावीच लागते. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हाच गुन्हा ठरतो. आरोपी मंडळीतला प्रतिष्ठित वडील असला तरी. ‘आपसात मिटवू’, ‘प्रभूच्या नावाला बट्टा लागेल’ असे कोणी म्हणाले तर त्याचे ऐकू नका. लेकरू लपवाछपवीने वाचत नाही. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. या दोन अपवादांची कल्पना पहिल्याच भेटीत द्यायची.

नवरा मारहाण करतो असे एखाद्या बहिणीने सांगितले तर? तिला क्षमा करायला आणि अधीन राहायला सांगावे का?

आधी विचारा: आज रात्री घरी जाणे सुरक्षित आहे का? मुले कुठे आहेत? नसेल सुरक्षित, तर तिची राहण्याची सोय करणे हे त्या दिवसाचे समुपदेशन. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला संरक्षणाचा आदेश मागता येतो, राहत्या घरावरचा तिचा हक्कही तो कायदा मानतो. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक तिच्या मोबाइलमध्ये साध्या नावाने साठवून द्या.

इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातले, बायकोने अधीन राहावे हे एकच वचन तोडून तिच्या हातात देणे आम्हाला मान्य नाही. त्याच अध्यायात नवऱ्याला सांगितले आहे की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसे प्रेम कर. मारणारा नवरा ते वचन पायदळी तुडवतो आहे, तेव्हा बोध त्याला हवा, तोही स्वतंत्रपणे, मंडळीच्या वडिलांकडून. दोघांना समोरासमोर बसवून ‘काय झालं ते सांगा’ असे कधी म्हणू नका. तिथे ती खरे बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. क्षमेचे बोलणे पुढचे आहे. क्षमा केली म्हणजे त्याच घरात परत जायलाच हवे, असे शास्त्र कुठे म्हणत नाही.

डिप्रेशन, भास होणे, ‘बाहेरची बाधा’: प्रार्थना करायची की डॉक्टर?

दोन्ही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिले, खायला-प्यायला दिले, पुन्हा झोपू दिले. प्रश्न विचारला तो नंतर, होरेब डोंगरावर. शरीर देवानेच घडवले आहे, आणि पौलाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता.

झोप उडालेली, जेवण सुटलेले, कानात आवाज येणारे, जगण्यात अर्थ नाही म्हणणारे माणूस आले तर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ‘न्या’ म्हणजे रांगेत त्याच्यासोबत बसा. जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. चालू असलेल्या गोळ्या ‘विश्वासाने’ बंद करायला सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. बाधा काढण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि ख्रिस्ताच्या नावाने केले म्हणून ते बदलत नाही. प्रार्थना शांतपणे, हात धरून, त्या माणसाचा मान राखून करता येते.

दारू सोडायची शपथ मंडळीसमोर घेतली की पुरते का?

शपथ चांगली, पण एकटी पुरत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर फेफरे येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतते. तेव्हा पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हवेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र हे काम करते आहे, आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मराठी सभा अनेक गावांत भरतात. आपण त्याला तिथे पाठवायचे आणि परत आल्यावर सोडायचे नाही. पगाराच्या दिवशी संध्याकाळी त्याच्यासोबत कोण असेल, हे मंडळीने नाव घेऊन ठरवावे. बायको-मुलांचीही विचारपूस वेगळी व्हावी, तीही थकलेली असतात.

पुरुषाने स्त्रीला समुपदेशन करावे का?

एकट्याने नको. तीताला पत्र २ मध्ये वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावे असे आहे, म्हणून महिला मंडळातल्या बहिणी या वर्गात आल्या पाहिजेत असा आमचा आग्रह आहे. पाळकांना बोलणे भागच असेल तर दार उघडे आणि सोबत पाळकीणबाई.

चूक करणाऱ्या विश्वासणाऱ्याला सांगायचे कसे?

मत्तय १८ मधला क्रम पाळा: आधी दोघांतच, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो, आधी सगळ्या मंडळीला कळते आणि शेवटी त्याला. गलतीकरांस ६:१ मध्ये सौम्यतेने ताळ्यावर आणा, आणि स्वतःलाही जपा असे म्हटले आहे. जाण्याआधी स्वतःला विचारा, हे सांगताना मला आतून बरे वाटते आहे का? वाटत असेल तर आणखी एक आठवडा थांबा. मात्र हा क्रम दोघांतल्या अपराधासाठी आहे. अत्याचार झालेल्या व्यक्तीला ‘आधी त्याला एकट्याने जाऊन भेट’ असे सांगण्यासाठी तो वापरू नये.

नवीन विश्वासणारा तयार व्हायला किती वेळ लागतो?

लागेल तितका. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले, त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे संसार पुन्हा एकत्र आला, सोवळेओवळे हळूहळू सुटत गेले, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे ख्रिस्तचरित्रावरचे अपुरे राहिलेले काव्य ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पुरे केले. त्या पाच वर्षांत कोणी त्यांना तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमात बसवले असते तर काय झाले असते, कोण जाणे. घाई करू नका, हजेरीचे आकडे मोजू नका. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे सहा-सहा महिने गावात नसतात, त्यांच्याशी रविवारी रात्री दहा मिनिटे फोनवर एक वचन आणि प्रार्थना, एवढेही शिष्यत्वच आहे.

कागदावर धर्म एक आणि मंडळीत दुसरा, असा तरुण आला तर?

फार नाजूक प्रश्न आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो मिळत नाही. शिष्यवृत्ती, नोकरी, घरच्यांचे भवितव्य एका दाखल्यावर अडलेले असते आणि मुलगा आतल्या आत झिजत असतो. त्याला भित्रा किंवा खोटारडा म्हणणे सोपे आहे, विशेषतः ज्यांना त्याची किंमत मोजावी लागत नाही त्यांना. त्याचे ऐका. कायद्याचे वकिलाकडून समजून घ्या. सत्याने चालण्याची जी किंमत आहे ती मंडळी त्याच्यासोबत वाटून घेणार आहे का, फी भरणार आहे का, हे आधी मंडळीने ठरवावे, आणि मग त्याच्याशी बोलावे.

ख्रिस्ती नसलेले शेजारी मदत मागायला आले तर?

मदत करा. आपण कोणत्या विश्वासाने बोलतो ते लपवू नका, प्रार्थना करू का असे विचारा, ‘नको’ म्हणाले तर करू नका. माणूस संकटात हतबल असताना त्याच्याकडून धर्माचा निर्णय काढून घेणे हे प्रेम नव्हे.

प्रमाणपत्र मिळते का? फी किती?

दोन्ही नाही. पुढे सखोल शिकायचे असेल तर सेमिनरीचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयाचा, रस्ता आहे. यवतमाळहून १९८३ साली पुण्याला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आपल्याजवळचीच. तिथे जाण्याआधी मंडळीत दोन-तीन वर्षे कोणाच्या तरी शेजारी बसून काढा, असे आम्ही सुचवतो.

माझ्याच घरात अडचण आहे. तरी मी येऊ का?

या. पहिले वर्ष तुम्ही ऐकणारे नसून सांगणारे असाल तरी चालेल. नाव रविवारी उपासनेनंतर पाळकीणबाईंकडे द्या. वर्ग बुधवारी संध्याकाळी सात ते नऊ असतो. एमआयडीसीत शिफ्ट असेल तर तेव्हाच सांगा, तुमचा गट दुसऱ्या दिवशी लावता येतो. येताना वही आणा आणि मार्काचा पहिला अध्याय वाचून किंवा ऐकून या.